रणजितची शपथ

"आत्या, आधी शपथ घे. मग सांगतो."

रणजित स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसला होता. बाहेर आभाळ भरून आलेलं, घरात दिवा लावावा इतका अंधार, आणि साहेबांच्या डोळ्यांवर काळा गॉगल. पुढ्यात थालीपीठ आणि त्यावर लोण्याचा गोळा. एरवी हा पोरगा तव्यावरचं थालीपीठ ताटात पडायच्या आत उचलायचा. त्या रविवारी पहिलंच थालीपीठ अर्धं राहिलं होतं.

"घरात गॉगल कशाला? इथं तुझा फोटो कोण काढतंय?" मी म्हटलं.

"उजेड लागतो गं डोळ्यांना."

"कुठला उजेड? मला मीठ कुठं आहे ते दिसेना."

तो हसला आणि आदल्या दिवशीच्या सामन्याची हकिगत सांगायला लागला. शेवटच्या मिनिटाला तो धिप्पाड पोरगा बॉल घेऊन अंगावर कसा आला, आणि ह्यानं त्याला खांद्यानं कसा आडवा केला. मी तवा खाली उतरवला. हीच हकिगत त्यानं आल्या आल्या, बूट काढता काढता मला सांगितली होती. तेच शब्द, तेच हातवारे. आपण हे आधी सांगितलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळण्यात माझा जन्म गेला. पोरगं सोंग करतंय की त्याला खरंच काही होतंय, एवढं मला कळतं.

"रणजित, काल तुझ्या डोक्याला मार लागलाय," मी म्हटलं. तेव्हा तो शपथेवर आला.

हा माझ्या धाकट्या भावाचा, विलासचा मुलगा. विलास आमच्या कोरेगावातून इंजिनिअर होऊन अमेरिकेत, ओहायो राज्यात गेला आणि तिथलाच झाला. रणजित अकरा वर्षांचा असताना त्याची आई, वंदना, कॅन्सरनं गेली. मला मूलबाळ नाही, यजमान आधीच गेलेले. मग मी नोकरी सोडली आणि दर वर्षी सहा महिने तिकडे जायला लागले. सहा महिन्यांच्या वर तिथलं सरकार राहू देत नसे. उरलेले सहा महिने बापलेक सँडविच खाऊन काढायचे आणि मी आले की दोघेही महिनाभर अधाशासारखे जेवायचे. विलास दिवसभर कामावर, घरात त्याच्याशी मराठी बोलणारी मीच, त्यामुळे रणजितचं मराठी अस्सल सातारी झालं होतं. सव्वासहा फूट उंचीचा तो गोरागोमटा गडी कॉलेजातल्या मित्रांपुढं फोनवर "आत्या, लई भारी" म्हणायचा, आणि ती पोरंही माझ्याकडं बघून "लई भारी" करायची.

तो कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळायचा. तिकडचा फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा नव्हे. एकानं लांबट बॉल काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवं पाडायचं. रणजितचं काम पाडायचं. विलास म्हणायचा, "अक्का, ही कबड्डीतली पकडच समज, फक्त डोक्यावर हेल्मेट." विलास स्वतः कॉलेजात कबड्डी खेळायचा. अंतिम सामन्याच्या आधी गुडघा मोडला आणि तो सामना त्यानं मांडवाबाहेर खाटेवर पडून ऐकला. तेव्हापासून त्याच्या मनात काय साचलं होतं ते रणजितच्या शेवटच्या वर्षी बाहेर आलं. त्या कॉलेजनं कित्येक वर्षांत काही जिंकलं नव्हतं. त्या वर्षी मात्र एकामागून एक सामने मारत ही पोरं चालली होती. गावातल्या दुकानांच्या काचांवर त्यांची नावं लिहिलेली. विलासनं तर दारात झेंडा लावला होता. आता एकच सामना उरला होता, आपल्याच मैदानावर. तो जिंकला की अजिंक्यपद.

"कसली शपथ?" मी विचारलं.

"माझी. कोणाला सांगणार नाहीस. बाबांना पण नाही."

"बरं, तुझी शपथ. बोल."

शपथेचा प्रकार त्याला मीच शिकवला होता. लहानपणी चॉकलेटं लपवायचा आणि मला गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावायचा. शपथ मोडली तर ज्याची घेतली त्याचं वाईट होतं, आणि त्यानंच तोंडानं "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हे त्यानं माझ्याकडूनच घेतलेलं. आमच्याकडं सगळ्यांच्या घरी असतं तसं.

मग त्यानं सांगितलं. मोसम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टात, सगळ्या पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवतात. शब्द लक्षात ठेवा, आकार ओळखा, दिवा लागला की पटकन बटण दाबा. त्याचे गुण ठेवून देतात. पुढं कोणाच्या डोक्याला मार लागला की तीच परीक्षा परत. गुण आधीइतके आले की खेळायला मोकळा, कमी आले की घरी.

"मग?"

"मग काय, पहिल्या वेळेला सगळे मुद्दाम चुकतात." तो माझ्या अज्ञानावर हसला. "सीनियर पोरं नव्यांना हेच पहिलं शिकवतात. मी पण शिकवलं यंदा. ऑगस्टात बैल होऊन बसायचं. मग नंतर डोकं कितीही बधिर झालं तरी पास."

आयुष्यभर पोरांना परीक्षेत चुका करू नका म्हणून सांगत आले. मुद्दाम चुका करून ठेवणारी पोरं मी पहिल्यांदाच बघत होते.

"आणि आत्ता तुझं डोकं खरंच बधिर आहे."

"थोडं दुखतंय. मार लागलेला त्यांनी बघितला, म्हणून मंगळवारी परीक्षा आहे. होईन पास. शनिवारी खेळलो की संपलं, आत्या. मग आयुष्यात कधी हेल्मेट घालणार नाही. आणि शनिवारी तू माझ्याबरोबर मैदानात यायचंयस, विसरू नकोस."

शेवटच्या वर्षाच्या मुलांचा तिथं मान असतो. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याआधी प्रत्येक मुलगा आईचा हात धरून मैदानाच्या मधोमध चालत जातो, त्याचं नाव पुकारतात, आईला फूल देतात. रणजितनं कॉलेजला माझं नाव दिलं होतं.

बोलता बोलता तो उठला आणि मोरीत जाऊन ओकून आला. तोंड धुऊन म्हणाला, "लोणी जास्त झालं."

त्या दिवशी मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बसवेना. कपाटातल्या जोतिबापुढं साखर ठेवली, म्हटलं, देवा, पोराच्या शपथेचं जे काय व्हायचं ते माझ्या अंगावर घे. आणि मागच्या अंगणात गेले. विलास कामावरून येऊन पानांचा ढीग लावत होता. तिकडं त्या दिवसांत झाडं सगळी पानं टाकून देतात, रोज ओढावी लागतात. मी त्याला सगळं सांगितलं. गॉगल, ओकारी, दोनदा सांगितलेली हकिगत, ऑगस्टातली लबाडी.

विलास दाताळ्यावर हात ठेवून ऐकत राहिला.

"त्यानं शपथ घातली होती रे मला," मी म्हटलं. "त्याची स्वतःची."

"शपथबिपथ काय घेऊन बसलीस अक्का? तू मास्तरीण ना?" तो म्हणाला. "बरं केलंस सांगितलंस. मी बोलतो कोचशी."

"नक्की?"

"बोलतो म्हटलं ना."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आठवडाभर मी निश्चिंत होते. रणजित होस्टेलवर राहायचा. बुधवारी त्याचा फोन आला तेव्हा आवाज खुशीत होता. मला वाटलं, कोच अजून बोलला नसेल, उद्या-परवा बोलेल, मग पोरगा माझ्यावर चिडेल. चिडू दे. रागानं दोन वर्षं बोलला नाही तरी चालेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी मैदानावर गेलो. लुगड्यावर स्वेटर आणि स्वेटरवर रणजितच्या नंबरचा, चव्वेचाळीसचा, निळा ढगळा सदरा. सगळ्या आयांच्या अंगावर आपापल्या मुलाचा तसाच सदरा होता. मी त्यात बुजगावण्यासारखी दिसत असणार, पण येता-जाता बायका माझ्याशी हसत होत्या. आणि समोरून रणजित आला. पूर्ण पोशाखात, हेल्मेट हातात.

मी विलासचा दंड धरून त्याला बाजूला ओढला. "हा खेळतोय? तू सांगितलंस ना कोचला?"

विलास माझ्याकडं बघेना.

"विलास!"

"अक्का, तो मंगळवारी पास झाला. डॉक्टरांनी सही दिली."

"अरे, ती परीक्षाच खोटी आहे! तुला सांगितलं ना मी!"

"एवढा एकच सामना आहे." त्यानं दंड सोडवून घेतला. "हा दिवस परत येत नाही गं. मला विचार. मी तीस वर्षं त्या खाटेवरच पडलोय."

मी काही बोलायच्या आत बँड सुरू झाला आणि रणजितनं माझा हात आपल्या कोपरात घेतला. "चल आत्या."

आम्ही ओळीत उभे राहिलो. पुढं चार-पाच मुलं आणि त्यांच्या आया. मी ओठ न हलवता बोलायला बघत होते, पण ते मला कधीच जमलं नाही.

"रणजित, तुझ्या कोचला आत्ता सांग. नाहीतर मी सांगते. विलासला मी सोमवारीच सांगितलंय."

तो थबकला. माझ्याकडं वाकून बघितलं. "तू शपथ मोडलीस?"

"मोडली. मोडली आणि परत मोडीन."

मला वाटलं आता हा हात सोडवून घेईल. हजारो माणसं बघत होती. त्यानं माझा हात आणखी घट्ट दाबला आणि हसत म्हणाला, "जाऊ दे. सुटली. सुटली म्हटलं, बघ. आता रडू नको, फोटो काढतायत."

त्याचं नाव पुकारलं. आम्ही चालत गेलो. मधोमध कोच उभा होता, लाल चेहऱ्याचा, भला माणूस. त्यानं मला पांढरं फूल दिलं. मी फूल घेतलं नाही, त्याचा हातच धरला. "हेड," मी म्हटलं. रणजितच्या डोक्याकडं बोट दाखवलं. "पेन. नो प्ले. प्लीज, नो प्ले." बँड इतका जोरात होता की मलाच माझा आवाज येत नव्हता. कोच कान पुढं करून वाकला. रणजित मधे तोंड घालून हसत हसत काहीतरी भरभर बोलला. कोचही हसला, त्यानं मला मिठी मारली आणि पाठीवर थोपटलं. आईची काळजी, असंच त्याला वाटलं असणार. पुढची जोडी येऊन उभी राहिली होती. आम्हाला बाजूला व्हावं लागलं.

"काय सांगितलंस त्याला?" मी विचारलं.

"म्हटलं, आत्याला माझी लई काळजी." त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला, सगळ्यांसमोर, आणि पळत गेला.

सामना मला समजत नव्हता. मी फक्त चव्वेचाळीस नंबर बघत होते. तो पडायचा, मी डोळे मिटायची, तो उठायचा. मध्यंतरापर्यंत आपली पोरं पुढं होती. विलास ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. मग कधीतरी एक साधी पकड झाली. मोठी नव्हे, विलाससुद्धा ओरडला नाही. रणजित उठला, पाचसहा पावलं बाहेरच्या रेषेकडं चालला, कुणालातरी हातानं काहीतरी खुणावलं, आणि गुडघ्यावर बसला. मग आडवा झाला. मी विलासच्या आधी कठडा ओलांडला होता. त्या वयात मी तो कसा ओलांडला ते मला आजही सांगता येणार नाही.

सामना तिथंच थांबवला. अजिंक्यपद त्या वर्षी कुणालाच दिलं नाही म्हणतात.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन बंद केलं. त्याच्या आधी एक डॉक्टरीण आमच्याशी बोलायला आली. तरुण होती, तिचेही डोळे लाल होते. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा लागला, त्यानं मेंदू सुजला, असं तिनं समजावलं. मग विचारलं, मागच्या आठवड्यात याला काही त्रास होत होता का? घरी कोणाला काही बोलला होता का?

विलासनं आधी माझ्याकडं बघितलं. मग तिला म्हणाला, "नो."

तेवढं इंग्रजी मला येत होतं.

घरी आणून, सगळं करून, आलेली माणसं परत गेली. विलास जेवेना. पहिले काही दिवस पाण्यावर होता. नंतर पाणीही मी तोंडाशी धरल्यावर घ्यायचा. दिवसभर गॅरेजात खुर्ची टाकून बसायचा, समोर रणजितचे मातीचे बूट. मी वाढून न्यायची, ताट तसंच परत यायचं. त्याचे मित्र आले, समजावून गेले. चेहरा कवटीला चिकटायला लागला होता. हा काही राहत नाही, असं मला स्वच्छ दिसत होतं. आमची आई गेली तेव्हा विलास चार वर्षांचा होता, कडेवर घेऊन मीच त्याला भरवलेला. तेव्हाही असाच तोंड फिरवायचा.

एका दुपारी मी भात-आमटी कालवून नेली आणि त्याच्या पायाशी बसले. तो बुटांकडंच बघत बोलला.

"अक्का, तुला त्यानं शपथ घातली होती ना?"

"हो."

"त्याची स्वतःची?"

"हो रे."

"मग तू मोडलीस का?" तो माझ्याकडं बघायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्यात बघत होता. "तू शपथ मोडलीस म्हणून गेला तो. तू मोडायला नको होती अक्का."

माझ्या अंगाची आग आग झाली. खोटं कशाला बोलू? ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. कोणी कोणाला सांगितलं, कोणी कोणाला सांगितलं नाही, डॉक्टरणीला कोण नाही म्हणालं, सगळं जिभेच्या टोकावर आलं. आणि सगळ्यात पुढं तो एक शब्द आला. "सुटली." पोरानं स्वतःच्या तोंडानं, हसून, हात दाबून मला मोकळं केलं होतं. ते मी आणि तो, आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक आता नव्हता. तो शब्द सांगितला असता तर विलासच्या हातात धरायला काहीच उरलं नसतं. मग त्याला तो पानांचा ढीग आठवला असता, आणि दाताळं, आणि "बोलतो म्हटलं ना".

मी ताट त्याच्यापुढं ठेवलं.

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं. मोडायला नको होती."

तो हुंदका देऊन रडला. बराच वेळ रडला. मग शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागला. मी आणखी भात आणायला उठले. आत जाऊन नळ सोडला आणि मग माझ्या रणजितसाठी पहिल्यांदा मोकळेपणानं रडले.

डिसेंबरात मी परत आले, ती कायमची. विलास तिथंच राहिला. तो आमच्या नातेवाइकांत काय बोलला असेल ते बोलला असेल, पण गावात ते पसरलं. भावकीतल्या बायका माझ्यासमोर मुलाबाळांच्या शपथा घेत नाहीत. धाकट्या चुलतभावाच्या सुनेनं तर बाळंत झाल्यावर मला बाळ हातात दिलं नाही, म्हणाली, झोपलंय. बाळ टक्क जागं होतं. वाईट वाटतं, नाही असं नाही. रणजितच्या फोटोसमोर बसून कधी कधी मी त्याला म्हणते, बाबा, तूच एकदा येऊन सांग यांना. मग वाटतं, नको, राहू दे.

कार्तिकात त्याची तिथी येते. त्या दिवशी विलासचा फोन येतो, चुकत नाही. तिकडं संध्याकाळ असते. इकडचं तिकडचं बोलतो, गुडघा दुखतो म्हणतो, आता एकट्याला पानं ओढायचं होत नाही म्हणतो. मला कळतं, आता येणार.

"अक्का, तू शपथ मोडायला नको होती."

"हो रे," मी म्हणते. "चुकलंच माझं."

पलीकडं तो मोठा श्वास सोडतो.

"काय केलंस आज?" मी विचारते.

"भात लावलाय. आमटी आहे कालची."

"मग घे वाढून. फोन ठेवू नकोस, तसाच बस जेवायला."

ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, खुर्ची सरकते. मी फोन कानाला धरून त्याचं जेवण होईपर्यंत बसून राहते.